खरजेची गोळी

इतवाऱ्यातल्या एका औषधाच्या दुकानात मी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या घ्यायला जातो. दुकानदार साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस. कुणी काहीही मागितलं, की आधी विचारतो, "कोणासाठी?" गिऱ्हाईक वैतागतं, पण उत्तर मिळाल्याशिवाय त्याचा हात फळीकडे जात नाही.

मागच्या खेपेला मी तिथे असताना निंबोल्याची एक बाई खरजेची गोळी मागायला आली. सोबतची लहान मुलगी तापानं फणफणली होती.

"मलेरिया वाटते हिला," बाई म्हणाली. "मोबाईलवर सांगितलं, ही गोळी आता मलेरियालाही चालते."

"अगदीच खोटं नाही ते, ताई," तो म्हणाला. "पण ही गोळी खाल्लेल्या माणसाचं रक्त पिऊन डास मरतो. पोरीचा ताप नाही उतरत."

"द्यायची नसेल तर दुसरीकडं जाते," म्हणत बाई वळली.

तो घाईघाईनं काउंटरबाहेर आला. "भाऊ, जरा दुकानात बसा," असं मला म्हणाला आणि दोघींना स्कूटरवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेला.

तासाभरानं एकटाच परतला. रक्तात मलेरिया निघाला होता, तोही जिवावर बेतणारा. मुलीला भरती करून घेतलं होतं. पुढे पाच दिवस तो रोज दुपारी तिला बघून यायचा. ती बरी होऊन घरी गेली, तेव्हा मी मुद्दाम दुकानात जाऊन त्याला म्हणालो, "तुम्ही पोर वाचवली."

त्यानं मान हलवली. "मागच्या साली जैनाबादच्या एकाला काही न विचारता हीच गोळी दिली होती मी," तो म्हणाला. "मलेरिया होता त्याला. तो नाही वाचला."