हसऱ्या तोंडावर बोट

"मेंढरांत निजणारी तू. तुला कशाचा आलाय वास?"

मोठी सिस्टर भरल्या वॉर्डात असं म्हणली, अन् दोघी-तिघी नर्सा फिदीफिदी हसल्या. मी ओल्यात पडले व्हते. संभाजीनगरचा बडा दवाखाना. गर्भाची पिशवी काढलेली, लघवीची नळी सकाळीच काढलेली. उठता येत नव्हतं. भांडं द्या, भांडं द्या म्हणून घसा बसला. कुणी आलं नाय. शेवटी झालं जाग्यावरच.

आम्ही सिल्लोडकडचे धनगर. मेंढरांत निजतो, खरंय. पण मेंढराखाली ओलं झालं तर आम्ही त्याची जागा बदलतो. नाकाला रुमाल लावून हसत नाय.

दुपार कलली तरी मी तशीच. कातडी चिरमिरायला लागली. मग एकाएकी धावपळ. चादर बदलली, फरशी पुसली, वासाचा फवारा मारला. मला वाटलं, आली बाई कुणाला तरी दया. कशाची दया! पेशंटला आराम किती वाटतो ते मोजायला ऑफिसातली पोरगी येणार व्हती.

आली. हातात मोठा मोबाईल. त्यावर तोंडं काढलेली, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मागं डॉक्टर, बाजूला मोठी सिस्टर.

"मावशी, आराम वाटतो ना इथं?"

"बरं हाय," मी म्हणलं.

जिभेची सवय! कुणाच्या रानात मेंढरं बसवली अन् त्यानं विचारलं, काय अडचण? तर चिखलात बसूनबी बरं हाय म्हणायचं. ज्याच्या दारचं पाणी प्यालो त्याला नावं ठेवायची नाय, ही आमची रीत.

पोरीनं हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. सिस्टर गालात हसली. मला शिसारी आली. तिची, त्या फवाऱ्याच्या वासाची, अन् माझ्या जिभेची तर लईच.

"बाई, ते पुसा," मी म्हणलं. "सकाळपासून मी मुतात पडले व्हते. चादर तुम्ही येणार म्हणून बदलली. मेंढरांत निजणारीला वास येत नाय, असं ह्या म्हणल्या. ते रडकं तोंड लावा तिथं."

नवऱ्याला आत्ताच आत सोडलेलं, तो पायथ्याशी उभा. घाबरून कुजबुजला, "गप बस की! टाके काढायचेत अजून ह्यांच्याच हातनं."

खरं व्हतं ते. भ्या मलाबी वाटलं.

डॉक्टर पोरीला म्हणले, "पुढं चला. अडाणी लोक आहेत, ह्यांना काय कळतं त्यातलं?"

"ओलं कळतं, साहेब."

पोरगी मान खाली घालून शेजारच्या खाटेकडं गेली. तिथं पैठणची म्हातारी. "बरं हाय, बाई," तिनं सुरू केलं. मी कोपरावर उठले. पोटात कळ गेली.

"आजी, खरं सांगा. पाण्यासाठी रडत व्हता ना तुम्ही?"

म्हातारीनं रिकामा गिलास पोरीपुढं धरला. मग म्हणली, "नाय गं पोरी. बरं नाय."

पुढं आठ दिसांनी माझे टाके मोठ्या सिस्टरनंच काढले. कचाकचा ओढून.

"दुखतंय का गं?"

"व्हय! दुखतंय!" मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं वरडले.

रीत माणसाशी पाळायची. ह्यांच्याशी नाय. आता दुखंल तिथं मोठ्यानं सांगणार. टाके ओढा, नायतर कातडं ओढा.