सहाचं आयपीस

पलंगावरच्या चादरीवर ह्यांची आयपिसं मांडून मी शेजारीच आडवी होते. दुर्बिणीला डोळ्याच्या बाजूनं लावायची ती भिंगं, अंगठ्याएवढी. सांगलीतली दुपार, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय. संध्याकाळी आकाश मंडळाचे कोगनोळे दुर्बीण न्यायला येणार आहेत. "वहिनी, सरांची आठवण म्हणून एखादं आयपीस ठेवून घ्या," असं फोनवर म्हणाले. कुठलं ठेवायचं, ते मला कळत नाही. डोळे जड होतात. तेवढ्यात पायांशी कुणी बसावं तशी गादी दबते.

हे बसलेत. माघातल्या अवसेला दंडोबाच्या डोंगरावर, दुर्बिणीपाशीच, छातीत कळ येऊन गेले. ऐन मे महिन्यात अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी.

"पंचवीसचं ठेव," हे म्हणतात. "आकडा मोठा तेवढं चित्र लहान, पण उजेड भरपूर. नवख्या माणसाला काहीतरी सापडतं तरी."

"आणि हे सहाचं?"

"ते तुला नाही झेपायचं. ग्रह मोठा दिसतो, पण डोळा अगदी चिकटवावा लागतो. जरा धक्का लागला की सगळं थरथरतं."

"कधी लावून दाखवलंत?"

"तू कधी म्हणालीस?"

"म्हणाले होते. लग्नानंतरच्या पहिल्याच अवसेला. तिथं बायकांची सोय नसते, म्हणालात. आणि मंडळात मात्र सांगत सुटलात, आमच्या हिला यात रस नाही."

हे टोपी कानांवर ओढून घेतात. "थंडी फार आहे गं."

खरंच आहे. हाताखालची चादर ओली लागते. ते दवानं भिजलेलं गवत आहे. कपाटाच्या जागी दुर्बीण उभी आहे आणि तिच्यापुढं बायकांची रांग. शाली पांघरलेल्या, हसणाऱ्या बायका. हे प्रत्येकीला किती गोड बोलून दाखवतायत! "शनी आहे. कडं दिसलं? घाई नको, सावकाश बघा." शनी सरकायला लागला की हळूच नळी ढकलून तो पुन्हा मधोमध आणून देतात. हा आवाज मी घरात कधी ऐकलेला नाही. मी रांगेत उभी राहते.

माझी पाळी येते. हे नम्रपणे विचारतात, "आपलं नाव?"

"कुमुद."

"कुमुदताई, माफ करा हं. ढग आले."

मी वर बघते. आभाळ लख्ख आहे.

"कुठं आहेत ढग?"

हे नळीच्या तोंडावर झाकण बसवायला लागतात. मी त्यांचा हात धरते. तो बर्फासारखा गार आहे आणि तरीही मला दया येत नाही. झाकण हिसकावून घेते, चष्मा काढते आणि सहाच्या आयपिसाला डोळा चिकटवते. आधी नुसता अंधार. मग एका कडेनं तो येतो. फिका पिवळा, कड्यासकट, थरथरणारा.

"सरकतोय," मी म्हणते. "अहो, नळी ढकला ना."

नळी हलत नाही. शनी दुसऱ्या कडेला पोचतो, अर्धा होतो, जातो.

"त्या बायकांसाठी ढकलत होतात की!"

मी मान वळवत नाही. डोळा आणखी घट्ट दाबते. नळी कुठून धरायची, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

बेल वाजतेय. मी पालथी झोपले आहे, आयपीस डोळ्याभोवती रुतलेलं. अंग घामानं निथळतंय. तशीच उठून दार उघडते.

कोगनोळे चपला काढता काढता थांबतात. "वहिनी, डोळा लाल झालाय. रडलात का?"

मी हात लावून बघते. डोळ्याभोवती गोल खाच उमटली आहे, बोटाला लागण्याइतकी खोल.

"नाही," मी म्हणते. "बघत होते."