सुतकाआधीची फोडणी

परवा बिदरच्या एका लग्नात उंच पांढऱ्या टोपीतला आचारी पालकावर लसणाची फोडणी ओतत होता. जाळ उठला की पाहुणे टाळ्या वाजवत. भाजी खाताना मात्र कुणी दिसलं नाही. त्या वासानं मी मनानं एकदम मुडबी गावात, चुलत बहिणीच्या, अक्काच्या चुलीपुढं जाऊन पोचलो.

अक्काचा मुलगा शिवा पुण्यात बांधकामावर होता. तो परांचीवरून पडला आणि जागीच गेला, हा निरोप टेलिफोन बूथवर मीच घेतला होता. घरी आलो तेव्हा अक्का शिजलेली अंबाडी घोटत होती. माझं तोंड पाहून तिचा हात थांबला. सून अंगणात भांडी घासत होती.

"बापू, बोलू नगंस," अक्का हळूच म्हणाली. "फोडणी घालू दे आधी. पोर पोटुशी हाय. सुतकात फोडणी न्हाई, तेरा दिवस आळणीच खाईल."

तेलात लसूण, मिरची तडतडली. सून हात पुसत आत येऊन जेवायला बसली.

"मामा, कामून उभे? बसा की. आत्याबाईनं आज लई तेल घातलंय. कोण यायलंय का?"

"खा गुमान," अक्का म्हणाली.

तेव्हा मला ती दगडाची वाटली. आज वाटतं, सुनेसाठी तिनं आपलं रडणं तेवढा वेळ अडवून धरलं होतं.

सुनेनं आणखी एक भाकरी मागितली. अक्कानं थापली, भाजली, तिला वाढली. तिचं खाऊन झालं. मग अक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"सांग आता," ती म्हणाली.