पहिली गाडी तिची

ती दुपार आजही आठवते, आणि आठवली की घास गोड लागत नाही.

कोपरगावच्या बाजूला विमानतळ झालं, तेव्हा ती हद्द माझ्या ठाण्याकडे होती. धावपट्टीत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी टॅक्सी घेऊन विमानतळाच्या दाराशी स्टँड केला. नंबराप्रमाणे सवारी. पुढे मोबाईलवरून बोलवायच्या गाड्या आल्या आणि स्टँडवाल्यांच्या पोटावर पाय आला. या नव्या गाड्यांनी प्रवासी कुठून घ्यायचे याचा नियमच नव्हता. त्या गेटबाहेर रस्त्यावर थांबत आणि रोज एक तरी भांडण ठाण्यात येई. दोघांना दम भरायचा, घरी पाठवायचं.

त्या दिवशी अशाच एका मोबाईलच्या गाडीचा चालक तक्रार घेऊन आला. तो प्रवासी बाईंची बॅग घ्यायला आत गेला, तेवढ्यात कुणीतरी दोन चाकांची हवा सोडली. स्टेपनी एकच. बाई बंगळूरहून आलेल्या. श्रीरामपूरच्या दवाखान्यात वडील शेवटच्या घटका मोजत होते. स्टँडवाले लांबून हसत होते, म्हणून घाबरून त्या तिकडे गेल्या नाहीत. दुसरी गाडी मागवून पोहोचल्या, तोवर वडील गेले होते. शुद्ध होती तोवर ते दाराकडेच बघत होते म्हणे.

खबर गेटवरच्या चहावालीनं दिली. "माझं नाव घेऊ नका सायेब, पर चाकापाशी बसल्याला म्हातारा म्या बघितला." तिनं सांगितलेला म्हातारा म्हणजे स्टँडवरचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत शांत ड्रायव्हर. मला आधी पटलंच नाही.

चौकशीत तो एकच पालुपद लावून बसला, "म्या न्हाई." हवालदारानं आवाज चढवला, तरी ढिम्म. असा माणूस ओरडल्यानं बोलता होत नसतो. मी चहा मागवला आणि त्या बाई कुठं निघाल्या होत्या, एवढंच सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "बापाला बघाया चालली हुती? सायेब, आमच्या स्टँडवर अशा मानसाला नंबर न्हाई लागत. पहिली गाडी त्याची, अन् भाडं घेतलं तर पाप. ती नुसती बोलली असती तर म्याच नेली असती वो!" आणि तो धाय मोकलून रडला.

जबाब झाला, गुन्हा दाखल झाला. कलम किरकोळ होतं. बाईंच्या वडिलांच्या दहाव्याला तो नदीवर जायला निघाला. "संगं चला सायेब, एकट्याला धीर न्हाई हुत," म्हणाला. मी गेलो. त्यानं टोपी काढून हात जोडले. बाईंनी राग केला नाही. इतकंच म्हणाल्या, "काका, कुठं निघालीस पोरी, एवढं एकदा विचारायचं होतंत."

पुढे परिवहन खात्याबरोबर बैठका झाल्या. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना जागा आखून दिल्या आणि भांडणं थांबली. हेच काम वर्षभर आधी झालं असतं, तर एका बापाला लेक दिसली असती.

नोकरीभर मी लोकांना "कुठून आलात?" असं दरडावून विचारलं. आता रस्त्यात कुणी बॅग घेऊन ताटकळलेलं दिसलं, की गाडी थांबवतो आणि विचारतो, "कुठं निघालात?"