चालकाशी बोलू नये

दूध आत घेते, पातेलं तसंच ओट्यावर ठेवते आणि पुन्हा आडवी होते. अकराला कोर्टात उभं राहायचंय आणि डोक्यात आत्तापासूनच कुणीतरी पितळी डबे सरकवतंय. डॉक्टर म्हणतात, मेंदूला मुका मार बसलाय. फोटोत काही दिसत नाही. विमा कंपनीच्या वकिलालाही काही दिसत नाही, आणि तो तर चष्मा लावतो.

उजेड टोचतो म्हणून पडदा ओढते. डोळे मिटतायत तोच अंगणात एसटी येऊन उभी राहते.

आमचं अंगण म्हणजे एक स्कूटर आणि दोन कुंड्या. त्यात अख्खी बस कशी मावली, असं काही माझ्या मनात येत नाही. मनात एवढंच येतं, की पायरी उंच आहे, निऱ्या सावरायला हव्यात. चढते. आत एकही प्रवासी नाही. स्टिअरिंगवर हे बसलेत. खाकी कपडे, कडक इस्त्री. हे गेलेत, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं. आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.

एसटीत सगळी नोकरी केली त्यांनी आणि गाडीला कधी साधा ओरखडा येऊ दिला नाही. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना हात दाखवणारा माणूस. निवृत्त झाले, आणि चैत्रातल्या एका लग्नाहून चुलतदिरांची गाडी घेऊन आम्ही परत येताना ती चिंचेच्या झाडावर गेली. समोर दुसरं वाहन नव्हतं. ते जागीच गेले, मी राहिले. मला आठवतो तो मांडवातला मठ्ठा. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत.

मी विचारते, चहा टाकू का. ते नुसतं बोट वर करतात. काचेच्या वर पाटी आहे, ‘चालकाशी बोलू नये’. लग्न झाल्यापासून आमच्या घरचा हाच नियम. गाडी कुणाचीही असो, ते चालवतायत आणि मी शेजारी तोंड मिटून बसलेय. माहेरच्यांना वाटायचं, आमचं भांडण झालंय.

मग मी त्यांच्या बाजूच्या बॉनेटवर बसते, खाली इंजिनाची धग. पुढ्यात पोळपाट येतो. मी पोळ्या लाटून तिथेच टाकते आणि त्या फुगतात, एकही करपत नाही. जागेपणी आता हे जमत नाही. तव्यावर पोळी टाकली की मी दुसरीकडेच कुठेतरी जाते, आणि परत येते तेव्हा घरभर धूर. पोळ्यांची गिऱ्हाइकं तुटली. माझ्या गोळ्यांवर आता लेकीचा, तेजलचा पगार जातो.

खिडक्यांबाहेरून कोर्टाचा व्हरांडा मागे सरकतोय. पट्टेवाला पुकारतो, मयत चालक भालचंद्र कोंडिबा ढमाले. हे वर्गातल्या मुलासारखा हात वर करतात. मागून आमचे वकील, खिलारे, गळ्यात कंडक्टरची पिशवी अडकवून येतात आणि तेच सांगतात जे गेल्या आठवड्यात सांगत होते. दुसरी गाडी नव्हती, तेव्हा भरपाई हवी तर चूक चालकाची दाखवावी लागेल. शपथेवर म्हणायचं, माझे पती निष्काळजीपणे गाडी चालवत होते. एवढं वाक्य सुट्टं द्या बाई, म्हणतात. मी पर्स चाचपते. पर्समध्ये कणीक आहे.

खिलारे मागच्या सीटकडे निघून जातात आणि मागे सीटच उरत नाहीत. आता ही भावजींची छोटी गाडी आहे. संध्याकाळ आहे. लांबवर चिंच दिसते.

नियम मोडून मी विचारते, “अहो, काय झालं होतं?”

ते रस्त्याकडे बघत राहतात.

“कुत्रं आडवं आलं का? भावजी म्हणतात, कुत्रं आलं असेल.”

“नाही.”

“मग डुलकी?”

“मला?” ते दुखावतात. मेलेल्या माणसालाही एवढं लागतं, हे मला नवीन आहे.

चिंच आहे तेवढीच लांब राहते. मग ते म्हणतात, “तू बोललीस. आणि मी तुझ्याकडे बघितलं.”

“एवढंच?”

“रस्ता सोडून बघितलं. एसटीत शेजारी बघायला कोण असतं? सवयच नव्हती.”

म्हणजे माझ्यामुळे, असं मी म्हणायला जाते, पण ते मला वाक्य पुरं करू देत नाहीत. बोलणारा प्रवासी चुकत नसतो, म्हणतात, बघणारा चालक चुकतो. डेपोत पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

“तेच सांग कोर्टात.”

“सगळ्यांपुढे? तुमचं नाव जाईल.”

“नाव माझ्याबरोबर गेलं. डोकं तुझं इथंच आहे, त्याला औषध लागतं.”

मला रडू येतंय, पण रडलं की कपाळ ठणकतं, म्हणून मी हिशेबानेच रडते. विचारते, मी काय बोलले होते हो? इतक्या वर्षांत नाही आणि त्या दिवशीच काय बोलले?

त्यांच्या मिशीत हसू येतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आलं होतं तसलं.

“ते दाव्यात नाही,” म्हणतात. मग, “दुखतंय?”

“हो.”

“टेक.”

चालत्या गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकते. डिझेलचा वास, धुण्याच्या साबणाचा वास. खांद्यावरच्या पट्टीचं बटण गालाला रुततं. मी सरकत नाही. ते समोर बघून चालवतायत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. चिंच जवळ येते, खिडकीशी येते, आणि मागे जाते.

“आई, ऊठ, उशीर होतोय. दूध ओट्यावरच राहिलंय.”

तेजल पडदा बाजूला करते आणि माझ्याकडे वाकून बघते. गालावर काय टोचलं, विचारते. मी आरशापुढे जाते. उजव्या गालावर एक गोल उमटलाय, लालसर, आणि त्याच्या आत चार ठिपके. अभ्रा उलटा करते, चादर झटकते. उशीला बटण नाही. माझ्या गाऊनला आहेत ते हुक.

दिवसभर टिकेल का हे, मी विचारते. तेजलला वाटतं, मी डागाबद्दल काळजीने बोलतेय. पाण्याने जाईल, म्हणते.

तोंड न धुताच मी वेणी घालते. स्वप्नात ऐकलेलं शपथेवर सांगता येतं का, हे खिलारेंना विचारण्यात अर्थ नाही, ते हो म्हणतील. म्हणून ऐकलं कुठे, हे आधी न्यायाधीशांनाच सांगेन, मग त्यांना काय लिहायचं ते लिहू देत. सांगेन, की माझ्या नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. कुठे होतं, असं विमा कंपनीच्या त्या चष्मेवाल्याने विचारलं, तर गाल त्याच्याकडे करून तेही सांगेन.