न्यानिबाने पाहिलेली उलटी वळणं

घानामधल्या केप कोस्ट शहराच्या लेसर प्रयोगशाळेत न्यानिबा एसुमान लागली ती झाडलोट करायला. एकवीस वर्षांत आरसे पुसता पुसता ती ते जुळवायलाही शिकली, आणि तिने बसवलेला आरसा पुन्हा तपासायची कुणाची छाती होत नसे. संरक्षक चश्म्याशिवाय कुणी आत शिरलं, मग ते प्राध्यापक का असेनात, "डोळे नकोसे झालेत का?" एवढं ऐकून मुकाट बाहेर पडत.

त्या वर्षी क्वामेना बेंट्सिल पीएच.डी. करत होता. अ‍ॅल्युमिनियमवर लेसरचा झोत मारला की ठिणगीएवढा प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, उसळतो. त्यात इलेक्ट्रॉनांची दाटी किती, हे त्याला मोजायचं होतं. एका किरणाचे दोन करायचे, एक ठिणगीतून न्यायचा, दुसरा बाहेरून, आणि पुढे त्यांची पुन्हा गाठ घालून द्यायची. मग काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात. ठिणगीपाशी त्या जितक्या सरकतील, तितके इलेक्ट्रॉन दाट.

पण आकडा रोज निराळा येई.

"लेसर म्हातारा झालाय, आंटी," क्वामेना वैतागून म्हणाला.

"म्हातारी मीही झालेय. उद्या माझ्यावर ढकलशील!"

दुपारी व्हरांड्यात आंबवलेल्या मक्याचं केंके आणि तळलेली मासळी खाऊन झाल्यावर तिने हात स्वच्छ धुतले आणि त्याने काढलेले पट्ट्यांचे चाळीस फोटो टेबलावर मांडले. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. ठिणगीच्या पोटात पट्ट्या डावीकडे वळत होत्या. कडेला मात्र उजवीकडे.

"डावी वळणं इलेक्ट्रॉनांची. मग ही उजवी कुणाची?"

"कॅमेऱ्याची चूक असेल."

"चाळीस वेळा तीच? अरे, ठिणगी फुटली की भोवतालची हवा रेटली जाते, दाबली जाते. दाबलेली हवा पट्ट्यांना उलट्या बाजूला नेते. सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी फळा पुसायला उभी होते. तू दोन्ही वळणं एकाच हिशेबात घालतोयस."

आठ महिन्यांचं काम होतं ते. क्वामेना फणकारला, "आता प्लाझ्मा तुम्ही शिकवणार का मला?"

दुसऱ्या दिवशी न्यानिबाने सहा वर्षं बंद पडलेला निर्वात पंप खोलला. ठिणगी फुटते त्या पेटीत हवाच नसली, तर दाबली जाणार काय? पेटीचं झाकण घट्ट बसावं म्हणून ट्रकच्या ट्यूबमधून तिने रबरी कडी कापली. पहिली गळली, दुसरी गळली, तिसरीही. चौथीने दम धरला.

क्वामेनाने लेसर चालवला. सगळ्या पट्ट्या डावीकडे! दहा वेळा मारला, दहाही आकडे एकमेकांना लागून आले.

तो खुर्चीत बसला. "आंटी, आठ महिने मी हवा मोजत होतो."

"अर्धी हवा, अर्धे इलेक्ट्रॉन. अगदीच काही वाया नाही गेलं." आणि तिने त्याच्या पाठीवर थाप मारली.

शोधनिबंधावर क्वामेनाने आपल्या नावाशेजारी तिचं नाव घातलं. शोधपत्रिकेचा छापील अंक आला तसा तो धावतच घेऊन आला. तिने पान उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"फोटो उलटा छापलाय. वळणं उजवीकडे गेली."

"अहो, आधी तुमचं नाव तर बघा!"

"नाव बरोबर आहे. इलेक्ट्रॉन चुकलेत."

तिने त्याला तिथेच बसवून संपादकांना पत्र लिहायला लावलं. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली. न्यानिबाने तेवढंच पान कापून प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलं.