नानासो सरांचं पहिलं शिफारसपत्र

कवठे महांकाळच्या ज्युनिअर कॉलेजात नानासो सर सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी चालचलनाचे शेकड्यानं दाखले दिले होते. सगळ्यांचा मजकूर एकच, फक्त नाव बदलायचं.

त्यामुळं बारावीची अपेक्षा, मेंढपाळ बाळासोंची थोरली लेक, दारात येऊन "सर, शिफारसपत्र पायजे" म्हणाली, तेव्हा सर हसलेच.

"शिफारस? मग आमदाराकडं जा की!"

"तसलं न्हवं सर. बेंगळुरूच्या कॉलेजला अर्ज केलाय. ज्यानं शिकवलं त्यानंच लिवायचं आसतं."

सरांनी दाखल्याचाच मजकूर इंग्रजीत करून दिला. विद्यार्थिनी हुशार, मेहनती, वर्तन उत्तम. अपेक्षानं कागद दोनदा वाचला आणि हळूच म्हणाली, "सर, ह्यात मी कुठं हाय?"

सरांना राग आला. पोरीला दारातनंच वाटेला लावून ते जेवायला बसले खरे, पण तिचा प्रश्न काही डोक्यातनं जाईना. खरंच, या पोरीबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे?

मग आठवलं. अकरावीत असताना तिनं तीन बाटल्यांत तीन बोअरचं पाणी आणलं होतं. एका बोअरच्या पाण्याला मेंढरं तोंड लावत नाहीत, ते का, हे तिला बघायचं होतं. सरांनी सगळ्या वर्गासमोर सुनावलं होतं, "हे काय परीक्षेत येणार हाय व्हय? बस खाली." ती बसली. पण पुढचे चार शनिवार कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबून तिनं ते पाणी आटवलं, खाली उरलेला क्षार तोलला, आकडे वहीत मांडले. वही दाखवायला आली, तेव्हा सरांनी न बघताच सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वही मागून घेतली. पहिल्यांदाच नीट वाचली. त्या बोअरच्या पाण्यात इतरांच्या तिप्पट क्षार निघाला होता. पोरीनं मांडणी चोख केली होती. सरांना स्वतःचीच लाज वाटली आणि पोरीचा अभिमानही.

दोन रविवार खपून त्यांनी पत्र लिहिलं. त्यात काही लपवलं नाही. 'मी तिला गप्प बसवलं होतं. तिनं माझ्याशी वाद घातला नाही, काम करून दाखवलं. मला ते कळायला वर्ष लागलं.' पत्र तिला न दाखवताच त्यांनी थेट कॉलेजला पाठवलं.

महिन्याभरानं अपेक्षाचा फोन आला.

"सर, मुलाखतीत निम्मा वेळ मेंढरांचंच इचारलं! तुमी त्यास्नी ते समदं लिवलं व्हय?"

"लिवलं. पुढं काय झालं ते सांग."

"घेतलं मला! फीबी माफ!"

सर स्टाफरूममध्ये इतक्या मोठ्यानं ओरडले, की शिपाई धावत आला.

ही बातमी कॉलेजभर झाली. पुढच्या वर्षी शिफारसपत्रासाठी पाच पोरं आली. सरांनी प्रत्येकाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "आता सांग, तू काय काय केलंस?"

संयोगिता नावाच्या पोरीनं चहा संपवला. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, मी तसं कायच केलं न्हाई."

"आगं, अर्जाला आजून सा म्हैने हायत," सर म्हणाले. "कर की कायतरी!"